बोटीत एकानेच बोलायचं

माझं लग्न झालं तेव्हा माझं वजन पन्नास किलोला जरा कमी होतं, आणि आता सरकारी ऑडिट खात्यातून निवृत्त होऊन घरी बसलो तरी ते तेवढंच आहे. मधल्या काळात माझ्या बायकोने, म्हणजे मैनाने, माझ्या भातावर जेवढं तूप ओतलं त्यात एखादा पैलवान सहज तयार झाला असता. लग्नाच्या पंगतीत तिच्या मामांनी ‘पाटावर मुलगा बसलाय की नुसता सदरा वाळत घातलाय?’ असं विचारलं होतं, ते तिने फार मनाला लावून घेतलं. तेव्हापासून आमच्या घरी शिरस्ता आहे: वरणभात वाढायचा, त्यावर तूप घालायचं, आणि मी ‘पुरे’ म्हटलं की आणखी एक चमचा घालायचा. माझ्या अंगाला मात्र काही लागलं नाही. गल्लीतली पोरं मला ‘काडी दिगंबर’ म्हणत मोठी झाली, आणि आता त्यांची पोरंही तेच म्हणतात.

माझ्या या वजनाची कोणाला कधी गरज पडेल असं मला वाटलं नव्हतं. ती पडली माझ्या सुनेला.

नम्रता यवतमाळची. हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला. सकाळी कंपनीच्या बसने जाते ती संध्याकाळी त्याच बसमध्ये पेंगत परत येते. माझा मुलगा सलिल त्याच कंपनीत, तिथेच त्यांचं जमलं. लग्नाला वर्ष झालं होतं. माझं आणि नम्रताचं भांडण वगैरे काही नव्हतं. भांडायला आधी बोलावं लागतं. मी तिला दाराला कडी नीट लावायला सांगायचो, पंखा बंद करायला सांगायचो, पेपरच्या घड्या पहिल्यासारख्या करायला सांगायचो. ती ‘हो बाबा’ म्हणायची. जन्मभर दुसऱ्याच्या चुका काढून पोट भरलेला माणूस मी, पेन्शन सुरू झाली म्हणून ती खोड थोडीच जाते?

तर या नम्रताला वेड होतं शिडाच्या होडीचं. ज्या घरात तिच्या लहानपणी नळाला दिवसाआड पाणी यायचं, त्या घरातली ही मुलगी. हिंजवडीतल्या काही मंडळींनी खडकवासल्याच्या पाण्यावर शिडाच्या होड्यांचा एक छोटा क्लब काढला होता. पूर्वी पुण्यातला माणूस रविवारी दुपारी झोपायचा. आता पगार वाढले आणि झोप गेली. रविवारी सकाळी नम्रता आणि सलिल टोप्या घालून स्कूटरवरून खडकवासल्याला जायचे आणि संध्याकाळी भाजून काळे होऊन परत यायचे. होडी दोघांची असते. मागे बसून सुकाणू आणि मोठं शीड सांभाळतो तो चालक. पुढे बसून छोट्या शिडाची दोरी धरतो, आणि चालक सांगेल त्या बाजूला सरकतो, तो क्रू. आमच्या होडीत चालक नम्रता होती आणि क्रू सलिल. घरातही साधारण तसंच होतं.

क्लबातल्या दोन होड्या दर वर्षी हैदराबादच्या मोठ्या स्पर्धेला जायच्या. दसऱ्यानंतरच्या रविवारी एक शर्यत व्हायची, आणि तिच्यात पहिल्या दोन येतील त्यांची वर्णी लागायची. आदल्या वर्षी नम्रता तिसरी आली होती. साई नावाचा तिच्याच कंपनीतला एक उत्साही मुलगा शेवटच्या क्षणी हातभर पुढे निघाला होता. घरी आल्यावर ती हसतहसत म्हणाली, ‘तिसरी आले, आई.’ मग ती न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून आत राहिली. बादली केव्हाच भरली होती. मला दाराबाहेरून हुंदका ऐकू आला. पाणी वाया जातंय असं सांगायला मी उठलो होतो, तो न सांगताच परत येऊन बसलो.

या वर्षी शर्यत आठवड्यावर आली आणि कंपनीने सलिलला अमेरिकेला पाठवला. ‘ऑन-साइट’ म्हणे. हल्ली असंच असतं. लोक संडासला जाऊन येतो म्हणावं तसं अमेरिकेला जाऊन येतो म्हणतात. क्लबातले चांगले क्रू आधीच ठरलेले होते. जे मोकळे होते ते चांगले खातेपिते होते, आणि ऑक्टोबरमधल्या त्या मरतुकड्या वाऱ्यात जड माणूस घेतला की होडी जागची हलत नाही.

त्या रात्री जेवताना मैना माझ्या भातावर तूप घालत होती. नम्रता त्या चमच्याकडे बघत होती, मग माझ्या मनगटाकडे बघायला लागली.

“बाबा, तुमचं वजन किती?” तिने विचारलं.

“का? विकायचंय?”

“आणि पोहता येतं ना तुम्हाला?”

“पेठेतल्या पोरांना त्या काळी तलावात ढकलूनच शिकवायचे,” मी म्हणालो. मग ती काय विचारते आहे ते माझ्या लक्षात आलं आणि माझा घास हातातच राहिला.

मैनाने पुष्कळ आरडाओरडा केला. मी मात्र तयार झालो. खरं सांगायचं तर आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला मी काडी आहे म्हणून बोलावत होतं. ते नाकारायला मी काही वेडा नव्हतो.

दुसऱ्या दिवशी नम्रताने रजा टाकली आणि आम्ही सरावाला गेलो. जाण्याआधी मी शर्यतीचे नियम वाचून काढले. त्यातला एक नियम वाचून मला फार हसू आलं. पाण्यात ठिकठिकाणी बोये, म्हणजे मोठे तरंगते चेंडू, बांधलेले असतात आणि त्यांना वळसा घालून यायचं असतं. वळताना होडी किंवा होडीतला माणूस बोयाला लागला, तर तिथेच एक पूर्ण गोल फिरायचं, ही शिक्षा. पण बोयापाशी शिक्षा सांगायला पंच नसतो. ज्याचं त्याने ओळखायचं आणि मुकाट्याने फिरायचं. ज्याने चूक केली त्यानेच ती काढायची! असं असतं तर आमचं खातं पहिल्याच वर्षी बंद पडलं असतं.

सरावाला मी पहिल्यापासून शेवटपर्यंत बोललो. शीड नीट ताणलेलं नाही, त्या होडीने आपल्याला वाट द्यायला हवी होती, सुकाणूची खिटी सैल आहे, क्लबाने पायऱ्यांवरचं शेवाळ काढायला हवं. किनाऱ्याला लागल्यावर नम्रताने होडी बांधली आणि खाली बघत म्हणाली, “बाबा, राग मानू नका. पण बोटीत एकानेच बोलायचं असतं. हलक्या हवेत पाणी बघावं लागते, कान द्यावा लागते. तुम्ही बोलून राहिले की मला वारा समजतच नाही.”

“म्हणजे मी बोलायचं नाही?”

“शर्यतीत अजिबात नाही.”

“ठीक आहे,” मी म्हणालो. “एक अक्षर काढणार नाही.”

पेठेतल्या माणसाने असा शब्द दिला की तो पाळायचा असतो, समोरच्याला त्याचा पश्चात्ताप होईपर्यंत पाळायचा असतो. मी घरीही बोलणं बंद केलं. मीठ हवं असेल तर बोट दाखवायचो. नम्रताचा चेहरा पडला, पण मैनाला ते इतकं मानवलं की दुसऱ्या दिवशी तिने श्रीखंड केलं.

रविवार उजाडला. मैना आमच्याबरोबर खडकवासल्याला आली, पण क्लबात न बसता धरणाजवळच्या चौपाटीवर छत्री उघडून बसली. तिथे कणसं भाजणाऱ्यांच्या शेगड्या असतात. तिने एका शेगडीशेजारची जागा पकडली होती, म्हणजे आम्ही बुडालो तरी ती उपाशी राहणार नव्हती.

तलाव काठोकाठ भरला होता आणि ऊन मी म्हणत होतं. पाण्याच्या मधोमध एक नांगरलेली बोट होती. तिच्यावर क्लबाच्या सुनीती केतकर हातात भोंगा घेऊन उभ्या होत्या. त्या शर्यतीच्या पंच. त्यांच्या बोटीपासून निघायचं, वाऱ्याविरुद्ध नागमोडी जात पानशेतच्या बाजूच्या बोयाला वळसा घालायचा, मग वाऱ्याबरोबर खाली चौपाटीच्या बाजूच्या बोयापाशी यायचं, आणि तिथून वळून पुन्हा सुनीतीबाईंकडे परतायचं, असा मार्ग होता.

भोंगा वाजला. शर्यत म्हटल्यावर वेग वगैरे असेल अशी माझी समजूत होती. एखादी म्हैस पाण्यातून चालत निघाली असती तर तिने आम्हा सगळ्यांना मागे टाकलं असतं. मी पुढे अंग चोरून, गुडघे पोटाशी घेऊन बसलो होतो. हललो तर शिडातली उरलीसुरली हवा जाणार. नम्रता बोट दाखवेल तिकडे मी इंच इंच सरकायचो. वारा तर असा की आत्ता समोरून, आत्ता डावीकडून, आत्ता मुळीच नाही. सरकारी कचेरीतल्या शिपायासारखा तो कुठे जातो आणि कधी येतो ते कोणी सांगू शकत नव्हतं.

बोलायचं नाही म्हटल्यावर माणसाने करायचं काय? मी चौपाटीकडे बघत होतो. मैना लिंबू चोळून कणीस खात असणार या विचाराने माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं. शेगडीचा निळसर धूर धरणाच्या भिंतीकडे जात होता. बघता बघता तो सरळ वर गेला आणि मग दुसरीकडे वाकला. थोड्या वेळाने आमचं शीड लुळं पडलं आणि वारा नेमका त्याच रीतीने फिरला. नम्रताने चटकन होडी वळवली, पण तोवर साई पुढे सटकला होता. मी मनात नोंद केली आणि गप्प बसलो.

पानशेतकडचा बोया वळून आम्ही खाली येत होतो तेव्हा पुन्हा तेच झालं. आधी धूर फिरला, मग आमची शिडं. आता माझी खात्री पटली. माझ्या जिभेच्या शेंड्यावर वाक्य तयार होतं. पण शब्द म्हणजे शब्द! मी ओठ आवळून बसलो.

तरी नम्रता अशी काही होडी चालवत होती की मला तिचं कौतुक वाटायला लागलं. तिचं लक्ष पाण्यावरून ढळत नव्हतं. जिथे जराशी लहर दिसेल तिथे ती होडी अलगद नेऊन ठेवायची. एकेक करत तिने तीन होड्या मागे टाकल्या, त्यात साईचीही. चौपाटीकडच्या बोयाशी आलो तेव्हा आमच्यापुढे एकच होडी होती. आम्ही दुसरे होतो. इथून वळायचं आणि सरळ हैदराबाद!

साई मागून आतल्या बाजूने घुसायला बघत होता, म्हणून नम्रताने बोयाला अगदी खेटून वळण घेतलं. सुरेख वळण होतं. होडी वळताना मी पलीकडे सरकलो आणि माझं डावं कोपर बोयाच्या ओल्या रबरावरून घासून गेलं.

कोणी पाहिलं नव्हतं. नम्रता शिडाकडे बघत होती, साई शिडाआड होता, सुनीतीबाई दूर होत्या. ते कोपरही इतकं हाडकुळं की बोयालासुद्धा कळलं नसेल. मी एकदा मागे वळून नम्रताकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की ते कोपर विसरून जावं असं मला वाटलं.

“नम्रता,” मी म्हणालो. आठवड्याभरातला माझा पहिला शब्द. “माझं कोपर बोयाला लागलं.”

“नक्की?”

“नक्की.”

तिने सुकाणू ढकललं आणि होडी गोल फिरवायला घेतली. भरवाऱ्यात ते चुटकीसरशी होत असेल. त्या हवेत होडी आधी थांबली, मग विचार करू लागली, मग कुठे फिरू लागली. साई शेजारून गेला आणि ओरडला, “काका, काय झालं? प्रदक्षिणा घालताय का?” त्याच्या मागून आणखी एक होडी गेली. आम्ही चौथे झालो. नम्रताने खालचा ओठ दातात धरला होता. मला माझ्या कोपराचा, हाडांचा, जन्मभरच्या त्या सगळ्या तुपाचा विलक्षण राग आला. न्हाणीघरातला नळ मला आत्ताच ऐकू यायला लागला होता.

होडी फिरत फिरत चौपाटीकडे तोंड करून आली. समोर शेगडीचा धूर होता. तो भिंतीकडे जात नव्हता, वरही जात नव्हता. तो चांगला आडवा होऊन रस्त्यापलीकडच्या डोंगराकडे चालला होता. मी ताठ झालो. नम्रताने ते पाहिलं.

“बाबा, अजून काही लागलं का?”

“लागलं नाही. दिसलंय. बोलू?”

“बोला ना!”

“मैनाच्या शेगडीचा धूर फिरलाय. सकाळपासून दोनदा असंच झालं. आधी तो फिरतो, मग थोड्या वेळाने आपली शिडं फिरतात. आता तो डोंगराकडे वाकलाय. म्हणजे वारा पलीकडच्या किनाऱ्यावरून येतोय.”

“आणि हे तुम्ही सकाळपासून पाहून राहिले? सांगितलं का नाही?”

“तूच बोलू नका म्हणालीस.”

नम्रताने क्षणभर डोळे मिटले. मग उघडून तिने पुढे पाहिलं. तिन्ही होड्या डावीकडे, डोंगराच्या बाजूला चालल्या होत्या. उजवीकडे, पलीकडच्या किनाऱ्याकडे, पाणी तेलासारखं स्तब्ध होतं. तिकडे जाणं म्हणजे शुद्ध वेडेपणा दिसत होता. तिने एकदा धुराकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि होडी उजवीकडे घातली.

त्यानंतर बराच वेळ काहीच झालं नाही. आम्ही त्या तेलात बसून राहिलो. साईची होडी लांब लांब जात होती. माझ्या टाळूवर ऊन तापत होतं आणि हिशेब चुकला असेल तर या मुलीला तोंड कसं दाखवायचं, हा विचार मला छळत होता. तेवढ्यात माझ्या उजव्या कानाला गार लागलं. मग पलीकडच्या किनाऱ्यापासून पाणी काळसर, खरखरीत होत आमच्याकडे यायला लागलं. शीड भरलं आणि होडीखाली पाणी खळखळलं.

“हलू नका बाबा,” नम्रता हळूच म्हणाली.

मी श्वाससुद्धा बेताने घेत होतो. डावीकडे डोंगराच्या आडोशाला त्या तिन्ही होड्यांची शिडं लुळी पडली होती, आणि आम्ही नव्या वाऱ्यावर सरळ, एकही वळण न घेता सुनीतीबाईंच्या बोटीकडे निघालो होतो. पहिल्या होडीला तरी उशिरा का होईना वारा मिळाला आणि ती पुढे निघून गेली. ती पोचल्याचा भोंगा वाजला. मग साईलाही वारा मिळाला. तो आला, आणि कसला आला! आमच्या दोन्ही होड्या बरोबरीने सरकत होत्या. नम्रताने बोट खाली दाखवलं. मी तळाशी असा पसरलो की सदराच काय, रुमाल वाटलो असेन. भोंगा वाजला आणि लगेच दुसऱ्यांदा वाजला.

“आधीचा कोणाचा?” मी तळातून विचारलं.

“आपला,” नम्रता म्हणाली, आणि तिने सुकाणू सोडून दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ती रडत होती आणि हसत होती. मलाही हुंदका आला, आणि मी तो लपवला नाही.

सुनीतीबाईंनी वरून वाकून विचारलं, “अहो, त्या बोयाशी गोल का फिरलात तुम्ही?”

“बाबांचं कोपर लागलं होतं.”

“मला तर काही दिसलं नाही.”

“मलाही नाही,” नम्रता म्हणाली. “बाबांना दिसलं.”

ती हे अशा अभिमानाने म्हणाली की मी उगाच लाइफ जॅकेटचा पट्टा सारखा करत बसलो. साईने होडी शेजारी आणून मला हात दिला आणि पुढच्या वर्षी त्याच्या होडीत येता का म्हणून विचारलं. नम्रताने त्याच्या अंगावर पाणी उडवलं.

संध्याकाळी सलिलचा अमेरिकेहून फोन आला. नम्रताने त्याला सगळं सांगितलं, धुरासकट. तो तिकडे इतका ओरडला की फोन हातभर लांब धरावा लागला. मग म्हणाला, “दिवाळीला येतोच आहे मी. हैदराबादला मी आहेच क्रू!”

ते बरोबरच होतं. होडी त्या दोघांची. मी आपला बदली कामगार, मूळ माणूस आला की उठायचं. मला थोडं वाईट वाटलं. थोडं कसलं, चांगलंच वाटलं. मी पेपर उघडून त्याच्या घड्या नीट करत बसलो.

पानं वाढली. मैना दिवसभर कणसं खाऊनही खुशीत वाढत होती. तिने माझ्या पानात वरणभात वाढला आणि तुपाच्या भांड्याकडे हात नेला. भांडं जागेवर नव्हतं. नम्रताने ते उचलून स्वतःच्या मांडीशी घेतलं होतं.

“नाही आई. हैदराबाद होईपर्यंत बाबांना तूप बंद.”

“अगं, पण सलिल येतोय ना?” मैना म्हणाली.

“येऊ द्या. तो तिकडे पिझ्झा खाऊन येणार. किनाऱ्यावर बसून कणसं खाईल तुमच्याबरोबर.”

मैनाने अवाक होऊन माझ्याकडे बघितलं. चाळीस वर्षांचा तिचा शिरस्ता मोडत होता आणि मी काहीतरी म्हणावं अशी तिची अपेक्षा होती.

“माझ्याकडे बघू नकोस,” मी म्हणालो. “बोटीत एकानेच बोलायचं असतं.”

आणि मी तो कोरडा वरणभात कालवायला घेतला.